जुनी .315 रायफल: काडतुसं कशी तपासायची, नळी कशी धुवायची

आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला अजून बऱ्याच घरांत आजोबांच्या नावची .315 आहे. परवाना वारसाहक्काने मुलाच्या नावावर चढतो, पण रायफल सांभाळायची रीत त्याच्याबरोबर चढत नाही. मी फौजेत आर्मरर होतो, सगळी नोकरी हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली. गावी आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात: काडतूस महाग झालंय, वेळेवर मिळत नाही, तर रिकामी टरफलं घरी भरता येतील का?

नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आपला बाळगण्याचा परवाना तिथे चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या फौजी पद्धतीच्या टरफलाच्या बुडाला आतून दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे वापरलेली टोपी, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी बुडातली चकती, सुईने ठोकून निघत नाही. आणि आत कोणती दारू, किती, हे अंदाजाने ठरवणारा माणूस आपला चेहरा बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, मागे ठेवून बसतो. ज्या पितळाने एकदा ताण खाल्लाय, ते दुसऱ्यांदा कुठे फाटेल हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा तो विषय सोडा. आहेत ती काडतुसं खराब होऊ न देणं आपल्या हातात आहे, आणि पैसाही तिथेच वाचतो.

आधी हे हत्यार काय आहे ते समजून घ्या. ईशापूरच्या कारखान्यात ज्या घडणीची .303 ली-एनफिल्ड फौजेसाठी बनायची, त्याच घडणीची ही नागरी बहीण. .303 आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे त्या मापाचं हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून नागरिकांसाठी ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिशर रायफलीचं 8 मिलीमीटरचं काडतूस घेतलं. त्याचं टरफल 50 मिलीमीटर, .303 चं 56. दोन्हींना बुडाला कड आहे, लांबून सारखीच दिसतात, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आजोबांच्या डब्यात मिसळलेलं काही सापडलं तर लगेच पोलीस ठाण्याला कळवा.

काम सुरू करताना मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री करा. नुसतं डोकावून भागत नाही. काडतुसं त्या खोलीतच नकोत. बोल्ट काढायचा तर पूर्ण मागे ओढा, त्याचं डोकं उजवीकडच्या स्प्रिंगमधून वर उचला, मग तो मागून सरळ बाहेर येतो. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी नंबर कोरलेला असतो. तो रायफलीच्या अंगावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याने तपासून दिल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. जोडताना डोकं पूर्ण आवळलेलं हवं, एक आटा सैल राहिला तरी नाही चालत.

आता काडतुसं. सकाळच्या उजेडात पांढऱ्या कापडावर ओळीने मांडा आणि एकेक फिरवून बघा. सगळ्यात जास्त वेळ मानेवर द्या, म्हणजे टरफल जिथे गोळीला धरतं तिथे. केसाएवढी उभी रेघ दिसली तर ती चीर असू शकते. नखाने चाचपा, नख अडकलं की काडतूस बाद. गोळी बोटाने हलत असेल किंवा आत दबली असेल, तरी बाद. टोपीभोवती हिरवा थर असेल, तरी बाद. बुडावर केएफ कोरलेलं असेल तर माल खडकीच्या फॅक्टरीचा, पण शिक्का चांगला म्हणून तडा बुजत नाही.

ही चीर का पडते, हे आपल्या भागातल्या माणसाने नीट ऐकावं. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. न झाडताच पितळ मानेपाशी तडकायचं. 1921 साली कारण पक्कं झालं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा, आणि टरफल दाबून बनवताना पितळात राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आता आपली घरं बघा. पुढे ओटा, मागे गोठा, मधल्या खोलीत युरियाच्या गोण्या, आणि त्याच खोलीतल्या लाकडी पेटीत काडतुसं. युरियाला ओल लागली की त्यातूनही अमोनियाच सुटतो. गोण्या आणि काडतुसं एका छपराखाली असतील तर आजच्या आज वेगळी करा. माझ्या ओळखीच्या एका घरी अगदी अशाच पेटीतली काडतुसं मी पाहिली, वरून पितळ झगझगीत आणि मानेला जाळी पडलेली.

चामड्याच्या पट्ट्यातही कायमची खोचून ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि पत्र्याच्या छपराखालची नव्हे तर घरातली थंड खोली. जळगाव-भुसावळकडचा मे महिना 45 अंश पार करतो, तापलेल्या पत्र्याखाली दारू लवकर म्हातारी होते.

काडतूस पुसायचं ते कोरड्या सुती कापडाने. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको आणि तेल तर मुळीच नको. तेल टोपीत उतरलं की काडतूस फुसकं होतं. शिवाय तेलकट टरफल चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. बाद झालेली काडतुसं विहिरीत टाकायची नाहीत, जाळायची नाहीत, उघडायचीही नाहीत. लेखी अर्ज देऊन पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.

नळी धुण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की तेल ओढलं म्हणजे झालं. जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. गोळी झाडली की नळीत त्याचं मीठ उरतं. मीठ हवेतली ओल ओढतं आणि तेलाखालीही गंज चढत राहतो. रॉकेलने, डिझेलने ते विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतं. डब्यात कोणती टोपी आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी धुवाच.

रायफल झाडली त्याच संध्याकाळी लिटर-दीड लिटर पाणी खळखळून उकळा. बोअरवेलचं पाणी घेऊ नका, आमच्याकडे त्यात इतका क्षार असतो की पातेल्याला पांढरा थर बसतो. फिल्टरचं घ्या. लांब नळीचं नरसाळं चेंबरमध्ये बसवा, तोंड खाली बादलीत, आणि धार हळूहळू सोडा. पाणी लाकडात जाता कामा नये. नळी हाताला चटका देईल इतकी तापली की आतलं पाणी आपोआप वाळतं. बोल्टचं तोंडही गरम पाण्यात भिजवलेल्या चिंधीने पुसा.

मग पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायची दोरी. पितळी वजन चेंबरकडून सोडायचं, दोरी तोंडाकडून ओढायची. कोरडी चिंधी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड. दोरी नळीच्या अगदी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली की दोरी तोंडाच्या कडेला घासते, वर्षानुवर्षांत तिथे खाच पडते आणि नेम कायमचा जातो. पुतण्या विचारतो, "आबा, तेल कितलं टाकू?" चिंधी ओली दिसावी, पिळून थेंब पडू नये, इतकंच. पुढचे तीन-चार दिवस कोरडी चिंधी ओढून बघा. तांबूस डाग आला तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात. आणि पुन्हा झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडं करायला विसरू नका.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल, चार थेंब तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळायचं. उन्हाळा सुरू होताना एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा. वार्निश नको.

रेक्झिनच्या खोळीत रायफल कायम ठेवू नका, आत घाम धरतो. कपाटात उघडी, कुलपात, बोल्ट वेगळ्या कुलपात.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायला सांगितलं तर त्याच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जाड तेल द्या. बाहेरून तेलाची चिंधी फिरवा, पोचपावतीवर रायफलीचा आणि बोल्टचा, दोन्ही नंबर लिहून घ्या. परत आणल्यावर आधी नंबर ताडून पाहा, मग जुनं तेल काढा, आणि नळी उजेडाकडे धरून आत खड्डे पडलेत का बघा.