शाळेच्या बालनाट्य स्पर्धेसाठी मुलांनी मिळून संहिता कशी लिहावी

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा असो की पुण्यातला भालबा केळकर करंडक, मुलं रंगमंचावर जीव ओतून काम करतात. संहिता मात्र अनेकदा मोठ्यांची असते आणि पाचवीतल्या मुलाच्या तोंडचं पहिलंच वाक्य ऐकलं की ते कळतं. संहिता मुलांनीच लिहावी, असं मला ठामपणे वाटतं. सातवी ते नववीतली पाच-सहा मुलं आणि महिना-दीड महिन्याचा वेळ असेल तर ते नक्की जमतं.

१. आधी ऐकायला लावा
पहिल्या आठवड्यात कुणी काही रचायचं नाही. प्रत्येकाने एक छोटी वही ठेवायची आणि एसटी स्टँडवर, किराणा दुकानात, घरात कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी टिपायची. अमरावतीकडचं मूल घरी ‘मले’ ऐकत असेल तर वहीतही ‘मले’च हवं. त्याचं ‘मला’ करू नका.

२. विषय नको, माणूस शोधा
‘पर्यावरण’ किंवा ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ असा विषय घेतला की नाटकाचं भाषण होतं. त्याऐवजी विचारा: कुणाला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये? उदाहरणार्थ, आठवीतल्या एका मुलीला गणिताचा पहिला तास चुकवायचा नाहीये, पण तिच्या गावाची एसटी शाळा भरल्यावरच पोचते. एवढ्यावर अख्खी एकांकिका उभी राहते. गावातल्या शाळांचे प्रश्न त्यात आपोआप येतात, ते वेगळे सांगावे लागत नाहीत.

३. उभं राहून लिहा
सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. बाकं बाजूला सारा. एक मुलगी आई होईल, एक कंडक्टर, एक वर्गशिक्षक. प्रसंग सांगा आणि त्यांना मनाने बोलू द्या. फोनवर रेकॉर्डिंग करा आणि एकाला टिपून घ्यायला बसवा. कागदावर मुलं लिहितात: ‘आई, मला शाळेत जायला उशीर होत आहे म्हणून मला काळजी वाटते.’ तीच मुलगी उभी राहिली की म्हणते: ‘डबा राहू दे आई, गाडी वळणावर आली!’ काळजी दुसऱ्या वाक्यातच दिसते. हा फरक फळ्यावर शिकवता येत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी वाचून दाखवा, मुलं स्वतःच दुसरं निवडतात.

एकच प्रसंग भूमिका बदलून पुन्हा करा. कंडक्टर झालेल्या मुलाला जेव्हा त्या मुलीची आई व्हावं लागतं, तेव्हा आईची बाजू त्याला पहिल्यांदा कळते आणि तिचे संवाद खरे होतात.

४. पानं वाटू नका, पात्रं वाटा
‘तू पहिला प्रवेश लिही, तू दुसरा’ असं केलं की ठिगळं दिसतात. पहिला खर्डा रेकॉर्डिंगवरून एकाने किंवा दोघांनी लिहावा. मग प्रत्येक मुलाकडे एकेक पात्र सोपवा. ‘माझी मावशी असं बोलणार नाही’ हे सांगायचा हक्क त्याचा. भांडणं होतील, होऊ द्या. त्यातूनच पात्रं एकमेकांपासून वेगळी होतात. तुम्ही मध्ये पडून तयार वाक्य पुरवू नका, फक्त प्रश्न विचारा.

५. घड्याळ लावून वाचा
स्पर्धेची वेळमर्यादा नियमावलीत पाहा आणि मोठ्याने वाचन करून वेळ मोजा. रंगमंचावरच्या हालचालींना आणि प्रवेश बदलायला लागणारा वेळ वेगळा धरा. कापायचं झालं तर प्रवेशाची सुरुवात कापा. ‘ये, बस, पाणी घे’ यात बराच वेळ जातो. शेवटी एखादं पात्र प्रेक्षकांना उपदेश करत असेल तर तेही काढा.

६. कागदपत्रं
सार्वजनिक प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून अंतिम प्रत वेळेत तयार ठेवा. छापील कथेवरून नाटक केलं असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. मुखपृष्ठावर लेखक म्हणून लिहिणाऱ्या सगळ्या मुलांची नावं घाला. शिक्षकांचं नाव मार्गदर्शक म्हणून, त्याखाली.