पोराच्या फोनवर गडबड झाली तर आधी काय करायचं

ऑनलाईन सेफ्टी म्हटलं की सगळे सेटिंग सांगत बसतात, हे बंद करा, ते चालू करा. तेही सांगते पण खाली, आधी गडबड झाल्यावरचं बघू कारण खरा गोंधळ तिथंच होतो आणि तो बहुतेक वेळा आपण मोठी माणसंच घालतो. पोरगं घाबरत घाबरत काहीतरी सांगायला येतं आणि आपलं पहिलं वाक्य काय, तर "आण तो फोन इकडे, आजपासून बंद!" झालं, परत काही झालं तरी ते तोंड उघडत नाही.

ब्लॅकमेलवाल्यांचा धंदा यावरच चालतो. पद्धत ठरलेली असते, इन्स्टावर अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते, दोन-चार म्युच्युअल (दोघांच्याही ओळखीचे) दिसतात म्हणून पोरगं ॲक्सेप्ट करतं, मग गोड गप्पा, मग "व्हॉट्सॲपवर ये ना", मग व्हिडिओ कॉल किंवा फोटो, आणि लगेच त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो ज्यात मावशी, चुलतभाऊ, क्लासचे सर सगळे असतात, खाली मेसेज की पैसे टाक नाहीतर यांना पाठवतो. नववीतल्या पोराला त्या क्षणी त्या माणसापेक्षा बाबांची भीती जास्त वाटते, म्हणून ते आईच्या गुगल पेवरून गुपचूप पैसे पाठवतं.

तर पहिलं काम, "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं आणि का केलंस, कशाला केलंस हे आज विचारायचं नाही. रागवायचंच असेल तर पुढच्या आठवड्यात रागवा, काही बिघडत नाही.

दुसरं, पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की समोरच्याला कळतं इथून निघतात, मग आकडा वाढतच जातो.

तिसरं, काही डिलीट करू नका. घाबरून चॅट उडवतात, अकाउंटच बंद करतात आणि पुरावा गेला. आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, प्रोफाईलची लिंक कॉपी करून ठेवा (नाव ते कधीही बदलतात), समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी, पैसे गेले असतील तर यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. आणि पोराचा तसला फोटो पुरावा म्हणून सुद्धा कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, ना काकांना ना वर्गशिक्षकांना. लहान मुलांचे असे फोटो पसरवणं हा आयटी कायद्याच्या 67 बी कलमाखाली गुन्हा आहे, आणि एकदा ग्रुपात गेला की गेला.

पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात पडून असेल तोवरच अडवता येते. फोटो-व्हिडिओचा मामला असेल तर सरकारच्या सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथं नाव न देता पण तक्रार होते पण मग तिचं पुढं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून स्वतःच्या पोराची असेल तर नाव द्याच. 1098 ही चाईल्ड हेल्पलाईन चोवीस तास चालू असते. फोटो कुठं टाकला जाईल अशी धाकधूक असेल तर टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, 18 वर्षांखालच्यांच्या फोटोंसाठी. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टा, फेसबुकसारखे प्लॅटफॉर्म तो ओळखून काढतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटवर याचा उपयोग नाही.

पोलीस म्हटलं की लोक मागं सरतात, पोरीला स्टेशनची पायरी चढवायची का वगैरे. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायची सोय आहे, अधिकारी गणवेशात नसावा असंही लिहिलंय. हे माहीत असलं की ठामपणे मागता येतं.

आता शाळा. दोन्ही पालकांना केबिनमध्ये बोलावून, माफीपत्र लिहून घेऊन प्रकरण "आपापसात" मिटवायची सवय शाळांना असते. वर्गातल्या पोरांनी एआयनं मुलीचा चेहरा नको त्या फोटोला चिकटवला तरी गंमतच म्हणतात! पण लैंगिक प्रकार असेल तर कळवणं पॉक्सोच्या कलम 19 नं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि तक्रारपेटी शाळेत आहे का, पेटीची किल्ली कुणाकडं असते, हे पालकसभेत उभं राहून विचारा. आणि पोरांची नावं, जन्मतारखा, आधार नंबर असलेली यादी पालकांच्या ग्रुपवर टाकायचं बंद करा म्हणावं.

सेटिंगचं थोडक्यात. पोराचं अकाउंट खऱ्या जन्मतारखेनं काढा. इन्स्टाचं टीन अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं आणि 16 च्या आतल्यांना ते सैल करायला पालकांची परवानगी लागते, पण पोरांनी जन्मसाल 2000 टाकलेलं असतं, मग कसलं काय. व्हॉट्सॲपला प्रायव्हसीत जाऊन ग्रुप्स "माय कॉन्टॅक्ट्स" वर ठेवा. प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा नाहीतर फ्री फायर गेमच्या डायमंडमध्ये पगार जाईल. यूपीआय पिन बदला, किराणा आणायला पाठवता पाठवता तो आपणच सांगितलेला असतो.

वेळेचं म्हणाल तर एकट्या पोराला बंदी घालून काही होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं सुरू केलं, ते गाजलं कारण मोठ्यांनीही फोन ठेवायचा होता. घरात भोंगा नको, पण बाबा रील बघत "अभ्यास कर" म्हणणार असतील तर अवघड आहे.

आणि हे सगळं आजीच्या फोनवर पण करा. त्याला लॉक नसतो आणि दुपारी तो कुणाच्या हातात असतो ते सगळ्यांना माहितीये.