सतत ‘कुठवर आलं?’ विचारणाऱ्या साहेबाच्या हाताखाली

ऑफिस ऐरोलीत असो, महाप्याला असो की वागळे इस्टेटमध्ये, असा साहेब दोनपैकी एका जातीचा असतो. एक धास्तावलेला, कारण त्यालाही वरून कुणी विचारत असतं. दुसरा माणूस दाबून ठेवायला विचारणारा.

ओळखायला दोन आठवडे द्या. रोज कामाला बसताना तीन ओळींचा मेल: आज काय करतोय, काय अडलंय, तुमच्याकडून काय हवंय. निघण्याआधी अर्धा तास दुसरा: काय झालं, काय राहिलं. धास्तावलेला यावर निवळतो. दुसरा निवळत नाही, मग नोंदी सुरू करायच्या.

सगळ्यात जास्त फसगत तोंडी हुकमात होते. सकाळी सांगतात, दुपारी ‘कुणी सांगितलं?’ म्हणतात. म्हणून दहा मिनिटांत लेखी पाठवा: ‘सर, आत्ता बोलल्याप्रमाणे अहवालातून ठाण्याचे आकडे काढतोय. पाचपर्यंत देतो. बदल असेल तर कळवा.’ ‘तुम्हीच म्हणाला होतात’ लिहू नका, भांडण पेटतं. उत्तर आलं नाही तरी मेलवर तारीख-वेळ राहतेच.

वर आणखी काम टाकलं तर नकार न देता क्रम विचारा: ‘हे आज घेतलं तर सकाळचं उद्या दुपारी जाईल, चालेल?’

‘नेहमी अपमान करतात’ या तक्रारीला वजन नसतं. मंगळवार, ४:१०, सहाजणांसमोर, नेमके हे शब्द, अशी नोंद लागते, आणि ती घरच्या वहीत. ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा ठपका तुमच्यावरच येतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

एचआर कंपनीचं असतं हे धरूनच जा. एका पानावर चार-पाच घटना, मागणी एकच, उदाहरणार्थ टीम बदलून द्या. लैंगिक त्रास असेल तर रस्ता वेगळा: महिलांसाठीच्या २०१३ च्या कायद्याखाली कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी.

रविवारी संध्याकाळपासूनच छाती धडधडत असेल तर अंगावर काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास.

सोडायचं ठरलं तरी रागात राजीनामा नको. आधी नेमणूकपत्रातला नोटीस पीरियड वाचा, नवीन ऑफर लेखी हातात घ्या. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ लॉगिन चालू असतानाच उतरवा, पीएफच्या यूएएनला (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खातेक्रमांक) स्वतःचा मोबाइल जोडलाय का बघा. रिलीव्हिंग लेटर मात्र मेलवरच मागा.