असिंक डेफ लिहिण्याआधी आतली लायब्ररी बघा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलमार्केटातून एका गाळेवाल्याचा फोन. "अहो, झेंडूची ऑर्डर टाकतोय, नुसतं चक्र फिरतंय." मी ठाणे स्लो लोकलमध्ये, एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन. सर्व्हर बघितला तर सीपीयू जवळपास रिकामा. सीपीयू निवांत आणि माणसं खोळंबलेली, असं दिसलं की पहिला संशय इव्हेंट लूपवर, म्हणजे आलेली कामं आळीपाळीने चालवणाऱ्या यंत्रणेवर घ्यायचा.

अडकवला मीच होता. फास्टएपीआय (पायथनमध्ये वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) मधलं फंक्शन हौसेने 'असिंक डेफ', म्हणजे थेट लूपवर चालणारं केलं आणि आत एसएमएससाठी 'रिक्वेस्ट्स' ही एचटीटीपी लायब्ररी वापरली. ती ब्लॉकिंग, उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून धरणारी. लूप एकाच थ्रेडवर, कामाच्या एकाच धाग्यावर चालतो; 'अवेट'पाशी काम थांबलं तरच दुसऱ्याकडे वळतो. एसएमएसवाल्याचा सर्व्हर चार सेकंद गप्प, की आमचे सगळेच गाळे गप्प. साधं 'डेफ' ठेवलं असतं तर फास्टएपीआयने ते आपणहून थ्रेडपूलमध्ये, म्हणजे लूपबाहेरच्या थ्रेडच्या ताफ्यात टाकलं असतं. तिथे मुळातच एका वेळी 40 कामांची सोय असते.

म्हणून फंक्शनमधलं प्रत्येक बाहेरचं काम आधी तपासा: डेटाबेस, एचटीटीपी, फाइल. सगळ्या लायब्ररी असिंक असतील तरच असिंक डेफ, नाहीतर बिनधास्त डेफ. एखादंच काम आडवं येत असेल तर ते पायथनच्याच 'असिंकआयओ' लायब्ररीतल्या 'टू थ्रेड'ला द्या आणि अवेट करा, पायथन 3.9 पासून ही सोय आहे. त्याला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, आर्ग्युमेंट स्वल्पविरामानंतर. नावापुढे कंस लावलात तर ते लूपवरच चालून जातं. (घाईत मी लावला होता. मुलुंड गेलं तरी चक्र फिरतंच होतं.)

दोषी सापडत नसेल तर युव्हिकॉर्नला (फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर) असिंकआयओचाच लूप घ्यायला सांगा आणि त्याचा डीबग मोड लावा. 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवणारं काम लॉगमध्ये येतं.

शुद्ध पायथनमधली जड आकडेमोड असेल तर नेहमीच्या पायथनमध्ये थ्रेडही कामाचे नाहीत, जीआयएल हे पायथनचं आतलं कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला सोडतं. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये ढकला.

थ्रेडवर आलात की डेटाबेसचा पूलही, म्हणजे कनेक्शनांचा साठाही मोजा. एसक्यूएलअल्केमी ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी मुळात 5 कनेक्शनं ठेवते, गर्दीत आणखी 10. थ्रेड 40 आणि कनेक्शनं 15; सगळ्यांना एकदम डेटाबेस हवा असेल तर 25 जण दारातच उभे.