छपराच्या कडेला दिव्यांच्या माळा : दिवाळी ते नाताळ या चुका टाळा

पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं, "आज दिवसभर गटरवर दिवे लावत होतो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "गटारावर कशाला रे? तिथे कोण बघणार?" तेव्हापासून मी घरात तरी पन्हळ म्हणतो. अमेरिकेत छपराच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून नेणारी जी पत्र्याची पन्हळ असते, तिला इथे गटर म्हणतात, आणि डिसेंबरात आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्या पन्हळीवर माळा चढवतात.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या थॉमस एडिसननी इथल्याच मेन्लो पार्कमध्ये ३१ डिसेंबर १८७९ ला विजेचे दिवे लोकांना जाहीरपणे दाखवले. पुढे १८८२ मध्ये त्यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडाला ८० विजेचे दिवे गुंडाळले. आता त्याच परिसरात आम्ही मराठी, गुजराती, तेलुगू मंडळी वसुबारसेला माळा लावतो आणि नाताळ, नवं वर्ष उरकून उतरवतो. एका मेहनतीत दोन सण. पण चूक झाली तर तीही दोन-अडीच महिने सगळ्या गल्लीला दिसते. माझ्या बहुतेक चुका शिडीवर नव्हे, शिडी गॅरेजमधून बाहेर काढायच्या आधीच झाल्या होत्या.

अंदाजानं माप

छपराची सरळ कड मोजायला सोपी असते. जमिनीवर भिंतीच्या कडेनं टेप धरून चाललं की झालं. फसवतो तो गॅरेजवरचा त्रिकोण. खालून पाहिलं तर आमचा त्रिकोण २४ फूट रुंद. मी २५ फुटांची माळ आणली आणि एक फूट उरेल म्हणून खूश झालो. शेवटी उतरत्या बाजूला जवळपास दोन फूट काळोख राहिला. हिशोब शाळेतलाच आहे : निम्मी रुंदी १२ फूट, मधली उंची ६ फूट, म्हणजे एक उतार साधारण १३.४ फूट आणि दोन्ही मिळून पावणेसत्तावीस. मुलीला त्या वर्षी शाळेत पायथागोरस होता. तिनं वहीत हे काढून फ्रिजवर चिकटवलं.

शिवाय आउटलेट, म्हणजे भिंतीतला विजेचा सॉकेट, जमिनीजवळ आणि पन्हळ दहा फूट वर असते. तेवढ्या अंतरासाठी साधी एक्स्टेन्शन वायर घ्या. दिव्यांचीच माळ भिंतीवरून खाली आणली की घरातून प्रकाश गळतोय असं दिसतं.

पिनांचं टोक कुठे?

माळेच्या एका टोकाला पिना, दुसऱ्याला भोकं. पिनांचं टोक आउटलेटच्या बाजूला यायला हवं. हे कुणाला सांगायची गरज नाही असं वाटतं, आणि तरी दर वर्षी कोणीतरी दोन बाजूंनी माळा लावत येतो आणि मधोमध भोकाला भोक भिडतं. अशा वेळी डोक्यात येणारा जुगाड म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरीच बनवायची. ती चुकूनही बनवू नका. तिचं एक टोक जोडलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांमध्ये १२० व्होल्ट येतात, आणि ते टोक शिडीवर उभ्या माणसाच्या हातात असतं. माळ उतरवून उलटी लावा. अर्धा तास जाईल, जाऊ दे.

त्याहून सोपं म्हणजे आधी सगळी माळ अंगणात, पन्हळीखाली जशी लागणार तशीच, गवतावर पसरायची आणि पेटवून बघायची. बंद बल्ब, उलटं टोक, कमी पडलेली लांबी, सगळं तिथेच कळतं. मग प्लग काढून वर न्यायची.

खरेदीतले घोळ

छपराच्या कडेला शोभतो तो सी-नाइन. लांबट लिंबाएवढा बल्ब, बहुधा फुटाफुटावर एक. सी-सेव्हन हा त्याचा धाकटा भाऊ, बैठ्या घरांना बरा. बारीक दाण्यांची माळ झुडपांवर, खांबांवर छान दिसते, पण रस्त्यावरून पाहिलं तर छपरावर ती फक्त पुसट रेघ वाटते.

पांढऱ्याचे प्रकार सांभाळा. 'वॉर्म व्हाइट' म्हणजे पिवळसर, २७०० ते ३००० केल्व्हिनच्या आसपास, आणि 'कूल व्हाइट' म्हणजे निळसर, ५००० च्या वर. एवढं बघून भागत नाही, कारण दोन कंपन्यांचे वॉर्म व्हाइटही एकसारखे नसतात. एक वर्षी दोन माळा कमी पडल्या म्हणून दुसऱ्या दुकानातून आणल्या. दिवसा फरक कळेना. संध्याकाळी पेटवल्यावर डावीकडचं छप्पर तुपातलं आणि उजवीकडचं दुधातलं. लागतील त्यापेक्षा एक माळ जास्त, आणि सगळ्या एकाच वेळी घ्या.

खोक्यावर यूएल या सुरक्षा तपासणी संस्थेची खूण आणि 'आउटडोअर' हा शब्द हवाच. घरातल्या माळा बाहेर लावल्या की पहिल्या पावसात रडतात.

आता आपल्या लोकांची खास चूक : पुण्याहून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून स्वस्तात आणलेली माळ. ती २३० व्होल्टसाठी बनवलेली असते, इथे मिळतात १२०. जुन्या तारेच्या बल्बांची असेल तर मिणमिणते, एलईडीची असेल तर अनेकदा लागतच नाही. मग कोणीतरी ट्रान्स्फॉर्मर जोडतो आणि तो बाहेर पावसात ठेवतो. नका करू. उलटी चूक अजून वाईट. इथली माळ कौतुकानं भारतात नेऊन भेट दिली आणि तिथे थेट भिंतीत खुपसली, तर दुप्पट व्होल्टेजनं ती क्षणभर लख्ख पेटून कायमची विझते.

किती माळा एकामागे एक?

जुने तारेचे सी-नाइन बल्ब प्रत्येकी ७ वॉट खातात. २५ बल्बांची माळ १७५ वॉट, सहा माळा १०५० वॉट. इथल्या १५ अँपच्या सर्किटची कमाल मर्यादा १८०० वॉट, पण तासन्‌तास चालणारा भार ८० टक्क्यांत, म्हणजे १४४० मध्ये बसवायचा असतो. त्याच सर्किटवर गॅरेजमधला फ्रीजर असला किंवा कोणी १५०० वॉटचा हीटर लावला, तर ब्रेकर पडणारच. एलईडीची तेवढीच माळ बहुधा १५-२० वॉटमध्ये भागते. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत रोज सहा तास दिवे चालणार असतील तर मी तरी एलईडीशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. जुन्या बल्बांचा उबदार उजेड मलाही आवडतो, ते देवघरापुढे एक माळ लावून भागवतो.

एकाला एक किती माळा जोडायच्या ते प्लगजवळच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. आपण ती चिठ्ठी खुपते म्हणून सगळ्यात आधी कापून टाकतो.

खिळे, स्टेपल आणि थंडीतलं छप्पर

धातूचे स्टेपल मारून माळ ठोकणं ही जुनी सवय. स्टेपल वायरच्या आवरणात घुसला की तिथून करंट पत्र्यात उतरू शकतो, आणि छपरातल्या प्रत्येक भोकातून पुढे पाणी. प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, पन्हळीच्या ओठावर अडकवायच्या. त्याच क्लिपा शिंगलखाली, म्हणजे छपराच्या डांबरी पट्टीखालीही सरकवता येतात. पण शिंगल थंडीत कडक आणि ठिसूळ होते, उचलायला गेलं की तिचा चिकटलेला भाग सुटतो किंवा तुकडा हातात येतो. इथे दिवाळी आपल्या पथ्यावर पडते. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी ज्या क्लिपा सहज बसतात, त्याच डिसेंबरच्या वाऱ्यात, बधिर बोटांनी बसवताना शेजारचे काका काय काय बोलतात ते आम्ही खिडकीतून ऐकतो.

लवकर लावण्याचा एक तोटाही आहे. ओकची पानं नोव्हेंबरभर गळत राहतात. माळेची वायर पन्हळीच्या तोंडावरून आडवीतिडवी नेली असेल तर पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि साफ करायला हात घालता येत नाही. म्हणून वायर पन्हळीच्या बाहेरच्या ओठालाच ठेवा आणि बल्बांची तोंडं एकाच दिशेला करा. वर, खाली, काहीही चालेल, पण सगळ्यांची सारखी.

शिडी पन्हळीला थेट टेकवू नका, ॲल्युमिनियमचा पत्रा वाकतो आणि शिडी सरकते. भिंतीला टेकणारा स्टँडऑफ मिळतो, तो लावा. दर चार फूट उंचीमागे पायथा एक फूट भिंतीपासून दूर, म्हणजे सोळा फुटांवर टेकणारी शिडी चार फूट बाहेर. खांबावरून घराला येणाऱ्या विजेच्या तारेपासून शिडी आणि तुम्ही, दोघंही किमान दहा फूट लांब. आणि खाली कोणीतरी हवं. बायको म्हणते तिला दिवाळीत दोनच कामं असतात, चकल्या आणि शिडी.

पाऊस पडला की सगळं बंद

सर्वांत जास्त तक्रार हीच. संध्याकाळी पाऊस येतो, सगळे दिवे जातात, सकाळी आपोआप काहीच सुरू होत नाही.

बाहेरच्या आउटलेटला इथे जीएफसीआय नावाचं संरक्षण असतं. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये ५ मिलिअँपच्या आसपास फरक पडला, की ते वीज तोडतं. भारतात अनेक घरांत हेच काम करणारा आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपचा असतो, म्हणजे हे त्याहून कितीतरी हळवं. दोन माळांच्या जोडात पाणी शिरलं की तेवढी गळती सहज होते.

आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा पोर्चच्या आउटलेटला रीसेटचं बटणच सापडेना. ब्रेकर तपासला, ठीक. आउटलेट बदलायला निघालो होतो. दोन दिवसांनी बायकोचा हेअर ड्रायर चालेना म्हणून तिनं बाथरूममधलं बटण दाबलं, आणि मुलगा बाहेरून ओरडला, "बाबा, दिवे लागले!" सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच घरांत एकाच जीएफसीआयवर बाथरूम, गॅरेज आणि बाहेरचे आउटलेट असे सगळे टांगलेले असतात. तुमचा आउटलेट मेला तर आधी घरभर बटणं शोधा, मग इलेक्ट्रिशियनला फोन करा.

बटण दाबूनही पुन्हा पडत असेल तर सगळ्या माळा सोडा, बटण चढवा आणि एकेक जोडत जा. जिच्यावर पडेल ती गुन्हेगार. तिचे जोड आणि होल्डर वाळू द्या, वायर कुठे चेपली किंवा खारीनं कुरतडली आहे का पाहा. आवरण उघडं पडलं असेल तर चिकटपट्टी नको, माळ टाकून द्या. एकही माळ न जोडता पडत असेल, तर मात्र आउटलेट किंवा भिंतीतली वायर. ते इलेक्ट्रिशियनचं काम.

जोडावर काळी टेप घट्ट गुंडाळणं ही आणखी एक चूक. पाणी कुठूनतरी आत जातंच, टेपमुळे बाहेर यायचं राहतं. जोड जमिनीपासून वर टांगा, तोंड खाली ठेवा. आउटलेटपाशी येणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकेल. आउटलेटवर फुगीर प्लास्टिकचं झाकण हवं, प्लग आत असतानाही बंद होणारं. आणि हा वैताग नको म्हणून जीएफसीआय काढून साधा आउटलेट बसवण्याचा सल्ला कोणी देईल. आमच्या ओळखीत एकानं दिलाही होता. तो माणूस गणपतीच्या मंडपात लायटिंग करायचा, म्हणून आम्ही जवळजवळ ऐकणार होतो.

अंधार झाल्यावर दिवे सारखे लागतात-विझतात, असं होत असेल तर टायमरचा प्रकाशडोळा माळेकडे बघतोय. दिवे लागले की त्याला सकाळ झाल्यासारखं वाटतं. त्याचं तोंड फिरवा.

अर्धीच माळ लागते

बारीक दाण्यांच्या शंभराच्या माळेत सहसा पन्नास-पन्नासचे दोन गट असतात, प्रत्येकात बल्ब एकामागे एक, वाट्याला साधारण अडीच व्होल्ट. म्हणून बरोब्बर अर्धी जाते. एखादा बल्ब सैल झालाय किंवा त्याच्या तारेच्या पायांना गंज चढलाय. मेलेल्या भागातले बल्ब एकेक नीट दाबत जा. सगळीच माळ गेली असेल तर प्लगची छोटी सरकती खिडकी उघडा, आत दोन इवले फ्यूज असतात. तेवढ्याच अँपचे बसवा, जास्तीचे नाही. पुन्हा उडाले तर बहुधा माळा जास्त जोडल्या आहेत. फिरवून काढायच्या बल्बांची सी-नाइन माळ समांतर असते. तिथे एक गेला तर फक्त एकच जातो.

उतरवताना ओढू नका, थंडीत वायरचं प्लास्टिक चिरतं. त्यातल्या त्यात उबदार दुपार बघा. काही वस्त्यांत घरमालक संघटनेची जानेवारीतली तारीख ठरलेली असते, ती आधीच विचारून ठेवा, कारण 'संक्रांतीपर्यंत राहू दे' हे त्यांना पटत नाही. प्रत्येक माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून वर मास्किंग टेपची चिठ्ठी लावतो. आमच्याकडच्या चिठ्ठ्यांवर 'पोर्च', 'गॅरेज डावा उतार', 'गॅरेज उजवा उतार' असं आहे. एकीवर मुलीच्या अक्षरात 'दोन फूट कमी पडते, बाबांना सांगा'.