इन्फॉर्म ६ कमांड लाइनवर: गेम कंपाइल होतो, पण वाट सापडत नाही

इन्फॉर्म ६ ही टेक्स्ट ॲडव्हेंचर, म्हणजे हुकूम टाइप करून खेळायचे शब्दांचे गेम, लिहायची भाषा. लिहायला एडिटर कोणताही चालतो. कंपायलर (लिहिलेल्या फाइलचा गेम बनवणारा), लायब्ररीचं (तयार कोडचं) फोल्डर आणि गेम खेळून बघायला फ्रॉट्झ हा प्रोग्राम, एवढं उतरवून घेतलंय असं धरतो.

१. फाइल लिहा. गेमचं नाव वर, मग लायब्ररीतल्या पार्सर आणि व्हर्बलिब या फाइली इन्क्लूड, मग तुमच्या खोल्या नि वस्तू, शेवटी लायब्ररीतलीच ग्रामर. हा क्रम मोडू नका. खोलीला लाइट (उजेड असल्याची खूण) द्यायचं विसरलात तर सुरुवातच मिट्ट काळोखात होईल.

२. कंपाइल करा. अधिकचं चिन्ह लावून लायब्ररीचा पाथ, पुढे फाइलचं नाव. काही न सांगता झेड-मशीनची (फ्रॉट्झला कळणाऱ्या गेम-फाइलच्या प्रकाराची) आवृत्ती ५ बनते, तिची मर्यादा २५६ किलोबाइट. व्ही८ हा स्विच (कंपायलरला द्यायची खूण) दिला की आवृत्ती ८, मर्यादा ५१२. पहिल्या गेमला ५ पुरते.

३. आता कंपायलर काय बोलतोय ते वाचा. सगळे इथेच अडकतात, मीही अडकलो होतो.

सेमीकोलन राहिला की कंपायलर पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, कारण चूक त्याला तिथे पोहोचल्यावरच कळते. म्हणून दाखवलेली ओळ सोडा, तिच्या वरची बघा. वीस एरर आले तरी फक्त पहिला दुरुस्त करून परत कंपाइल करा. बाकीचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात.

पण खरा घात कॉमा करतो. खोलीचं वर्णन लिहिलं, शेवटचा कॉमा राहिला, खाली उत्तरेची वाट दिली. कंपायलरला वाटतं, वाटेचं नाव हा वर्णनाचाच भाग. एरर नाही, गेमची फाइल तयार, आणि उत्तरेला जायला गेलात तर तिकडे वाटच नाही! मी अख्खी संध्याकाळ पुढच्या खोलीचं कोडिंग उपसत बसलो. वॉर्निंग पहिल्या वेळेपासून स्क्रीनवर होती: कॉमा राहिलाय का, इथे प्रॉपर्टीचं (वर्णन, वाट अशा खोलीच्या माहितीचं) नाव दिसतंय. ‘वॉर्निंगकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं’ हा सल्ला देणाऱ्याने एकही गेम पुरा केलेला नसतो. एकही वॉर्निंग उरलेली असेल तोपर्यंत पुढची खोली लिहायची नाही.

४. फ्रॉट्झमध्ये खेळून बघा. तपासण्यासाठी कंपाइल करताना कॅपिटल डी हा स्विच लावा, म्हणजे गेममध्ये ‘ट्री’ (tree) टाइप करून कुठली वस्तू कुठल्या खोलीत आहे ते दिसतं.

५. कुणाला पाठवण्याआधी तो स्विच काढून पुन्हा कंपाइल करा. नाहीतर खेळणारा ‘पर्लॉइन’ (purloin, म्हणजे चोरणं) हा तपासणीचा हुकूम लिहून कुलूपबंद पेटीतली किल्ली थेट खिशात घालेल.