पहिल्या मांजराचे सामान घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घरात मांजर असणे ही नवलाची गोष्ट नाही. कौलारू घराच्या माळ्यावर, भाताच्या पोत्यांच्या आसपास किंवा परसातल्या गंजीवर एखादे मांजर असतेच. पण ते बहुधा स्वतः उंदीर धरणारे, विधीसाठी बाहेर जाणारे आणि आपल्या मर्जीने ये-जा करणारे असते. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये दार बंद ठेवून वाढवायचे मांजर हा वेगळाच संसार आहे. त्याला जे बाहेर आपसूक मिळत होते, म्हणजे खणायला माती, ओरबाडायला झाडाचे खोड, लपायला अडचण आणि पकडायला शिकार, ते सगळे आता मालकाने आणून द्यायचे असते. तरीही पहिल्या खरेदीचा क्रम बहुतेक घरांत उलटा लागतो. आधी मऊ गादी, घुंगराची पट्टी आणि रंगीत खेळणी येतात, आणि विधीचा ट्रे, प्रवासाची पेटी व योग्य अन्न या गोष्टी अडचण उभी राहिल्यावर घाईघाईने घेतल्या जातात. पुढच्या बहुतेक तक्रारी याच उलट्या क्रमातून निघतात.

ट्रे लहान, जागा चुकीची

सर्वांत जास्त पैसा आणि विचार जिथे खर्च व्हायला हवा, ती वस्तू म्हणजे लिटर ट्रे, म्हणजेच विधीचा ट्रे. आणि नेमकी हीच वस्तू दुकानात सर्वांत स्वस्त दिसते ती उचलली जाते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी असते, तिच्या किमान दीडपट लांबीचा ट्रे असावा, असा साधा हिशोब आहे. पूर्ण वाढलेल्या मांजराला तो सुमारे 65 ते 70 सेंटीमीटर येतो, आणि मांजराचे म्हणून विकले जाणारे अनेक ट्रे त्यापेक्षा बरेच आखूड असतात. अशा ट्रेमध्ये मांजर काय करते ते एकदा नीट पाहावे. ते पुढचे दोन पाय आत ठेवते, थोडे खणते, वळायला जागा नाही म्हणून कडेवर तोल सावरते आणि शेवटी मागचा भाग ट्रेबाहेरच राहतो. घरातले म्हणतात, मांजर हट्टी आहे. वास्तविक मांजर ट्रेमध्येच उभे असते, ट्रे मात्र त्याला पुरत नाही. कपडे ठेवण्यासाठी मिळणारा मोठा, उथळ प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू कापून कड घासून घेतली, तर दुकानातल्या महागड्या ट्रेपेक्षा तो अधिक चांगला ठरतो. पिल्लासाठी ही प्रवेशाची बाजू पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी. एका मांजराला दोन ट्रे, दोघांना तीन, म्हणजे मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक, हा नियम जास्तीचा वाटतो खरा. पण दुमजली घरात तो पाळला नाही तर खालच्या मजल्यावरचा कोपरा आपोआप दुसरा ट्रे बनतो.

झाकणाचा ट्रे घेणे ही माणसाच्या नाकाची सोय आहे. आतला वास आतच कोंडतो आणि मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. सुवासिक लिटरचेही, म्हणजे ट्रेमध्ये खणण्यासाठी घालायच्या मातीसारख्या भरणाचेही, तेच. गुलाबाचा किंवा लव्हेंडरचा वास मालकाला प्रसन्न वाटतो आणि मांजर शेजारच्या पायपुसण्यावर जाऊन बसते.

आत काय घालावे, याविषयी आपल्याकडे घरगुती सल्ल्यांची कमतरता नाही. चुलीची राख पूर्वीपासून वापरात आहे. परंतु ओली झालेली राख क्षारयुक्त असते, ती पंजांना चिकटते, आणि पंजे चाटणे हे मांजराचे दिवसभराचे काम असल्यामुळे तोंडात जाते. भाताचे तूस खानापूर भागात सहज मिळते, पण ते हलके असल्याने घरभर पसरते आणि लघवी नीट शोषत नाही. लाकूड कापण्याच्या गिरणीतला बारीक भुसा नाकात जातो, आणि त्यात प्रक्रिया केलेल्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा अंश असू शकतो. धुतलेली जाड वाळू या सर्वांपेक्षा बरी. मात्र ती जड असते आणि पावसाळ्यात वाळत नाही. सोयीचे म्हणाल तर बेंटोनाइट मातीचे गोळा होणारे लिटर सर्वांत सोयीचे, कारण ओला भाग तेवढाच खुरप्याने उचलता येतो. चार महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला मात्र ते देऊ नये. पिल्ले नवीन वस्तू तोंडात घालून पाहतात आणि ही माती पोटातही फुगून गोळा होते. त्यांच्यासाठी गोळा न होणारे लिटर किंवा कागदाच्या दाबलेल्या कांड्यांचे लिटर घ्यावे. थराची जाडी साधारण पाच ते सात सेंटीमीटर ठेवावी.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रश्न असतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर हवेतल्या ओलीनेच बेंटोनाइटचे उघडे पोते खाली गोळा होऊ लागते. म्हणून पावसाळ्याआधी मोठे पोते स्वस्त मिळते म्हणून भरून ठेवू नये. लहान पाकिटे घ्यावीत आणि उघडलेले लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

मांजराने ट्रे वापरणे अचानक सोडले, तर त्याला रागावण्यापूर्वी क्रमाने तपासावे. ट्रे रोज साफ होतो का? लिटरचा प्रकार एकदम बदलला का? ट्रे अन्नाच्या भांड्याशेजारी किंवा गडगडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ तर ठेवलेला नाही ना? यात काही सापडले नाही, तर आजाराचा विचार करावा. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, असे दिसले तर तो बद्धकोष्ठ आहे असे समजून थांबू नये. मूत्रमार्ग अडला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो; त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्याकडे न्यावे.

घरात गर्भवती स्त्री असेल तर ट्रे दुसऱ्या कोणी साफ करावा. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे बीजांड मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेते. म्हणून रोजची सफाई हा त्यावरचाही चांगला उपाय आहे, आणि मांजर घराबाहेर काढण्याची गरज सहसा पडत नाही.

“दूधभात टाकला की झाले”

हे वाक्य ज्येष्ठ मंडळींकडून हमखास ऐकू येते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्या मांजरावरून त्यांचा अनुभव आहे ते उरलेले पोट उंदरांवर भरत होते. बंद घरातल्या मांजराला ती सोय नाही. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. त्याच्या अभावाने मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हे 1975 मध्ये समोर आले, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते, हे 1987 मध्ये. याच कारणाने घरात कुत्र्याचे खाद्य आधीच असेल, तर तेच मांजरालाही चालवणे ही काटकसर महागात पडते. दुधाचे म्हणाल, तर मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब लागतात. आईविना आलेल्या अगदी लहान पिल्लाला गाईचे दूध नव्हे, तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी लागते.

पाकीट घेताना समोरचे चित्र पाहू नये, मागचा मजकूर वाचावा. ‘कम्प्लीट’ असे लिहिलेले खाद्य हा पूर्ण आहार असतो. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेले, विशेषतः चाटून खायच्या नळ्या आणि मटणाच्या रश्शाची काही पाकिटे, हा वरचा खाऊ असतो. एक वर्षापर्यंत पिल्लांचे खाद्य द्यावे. काही दुकानांत मोठे पोते उघडून किलोवर सुटे खाद्य देतात. त्यावर ना तारीख कळते ना पोते कधी उघडले ते, आणि दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, बुरशीही धरते. किलोमागे थोडे अधिक पैसे गेले तरी लहान बंद पाकीट परवडते. उघडल्यावर ते पाकिटासकट डब्यात ठेवावे.

घरचे द्यायचेच असेल तर बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस किंवा काटे काढलेली शिजवलेली मासळी तेवढी द्यावी, आणि तीही खाद्याच्या जोडीला. रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो; ताटातला रस्सा भातावर ओतून देण्याची सवय म्हणूनच सोडावी.

भांडे स्टीलचे, पसरट आणि उथळ असावे. खोल वाटीत मिशा कडेला घासतात आणि काही मांजरे तळाशी अन्न ठेवूनच उठतात. स्वस्त प्लास्टिकच्या भांड्यावर ओरखडे पडून त्यात जंतू साठतात, आणि हनुवटीवर काळे पुरळ येण्यामागे अनेकदा तेच असते. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधोमध भांडे ठेवण्याची आपली जुनी युक्ती येथेही तितकीच कामाची आहे. पाण्याचे भांडे अन्नापासून दूर ठेवावे. मांजर एरवीच पाणी कमी पिते. खानापूरच्या मातीची पसरट कुंडी पाण्यासाठी छान, पण ती दर दोन-तीन दिवसांनी घासून उन्हात वाळवावी, नाही तर सच्छिद्र मातीवर शेवाळी थर धरतो.

पिशवीतून दवाखान्यात

प्रवासाची पेटी ही शेवटी घ्यायची वस्तू समजली जाते. परिणाम रस्त्यावर दिसतो. दुचाकीवर मागे बसलेल्याच्या मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेले मांजराचे डोके, आणि समोरून ट्रकचा भोंगा वाजला की पिशवी फाडून बाहेर पडण्याची त्याची धडपड. असे सुटलेले मांजर अनोळखी भागात परत सापडणे फार कठीण असते. पेटी कडक प्लास्टिकची, पुढून आणि वरूनही उघडणारी घ्यावी. वरून उघडली की घाबरलेल्या मांजराला ओढून काढावे लागत नाही, खालच्या अर्ध्या भागात बसूनच पशुवैद्य त्याला तपासू शकतात. आत मांजर उभे राहून वळू शकले की आकार पुरेसा. पारदर्शक बुडबुड्याची पाठपिशवी पाहायला मजेदार असते. परंतु एप्रिल-मेच्या उन्हात ती आतून तापते आणि लपायचे असलेल्या प्राण्याला ती चारी बाजूंनी उघडी पाडते.

पेटी फक्त दवाखान्याच्या दिवशीच माळ्यावरून खाली उतरत असेल, तर तिला पाहताच मांजर कपाटाखाली शिरणारच. मांजर येण्याआधीच ती खोलीत दार उघडे ठेवून मांडावी, आत जुन्या वाकळेचा तुकडा टाकावा, अधूनमधून खाऊही आत द्यावा. मग वेगळी गादी घेण्याचे कारणही फारसे उरत नाही. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. म्हणजे पेटीचा उपयोग पहिल्याच महिन्यात होतो.

ओरबाडणे, खेळणे, पट्टी

सोफा फाटल्याची तक्रार करणाऱ्या घरात ओरबाडण्याचा खांब एक तर नसतो, किंवा असतो तो गुडघ्याएवढा आणि डुलणारा. मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतका, म्हणजे सुमारे 80 ते 90 सेंटीमीटर उंच, आणि अजिबात न हलणारा खांब लागतो. जड फळीवर लाकडाचा वासा ठोकून त्याला घायपाताचा किंवा काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला, अथवा गोणपाट चढवले, तरी काम भागते. खांब कोपऱ्यात लपवू नये. ज्या सोफ्याची नासाडी होते त्याच्या शेजारीच ठेवावा.

खेळण्यांत सुटा दोरा नको. वडगाव-शहापूर भागात यंत्रमाग आणि शिलाई घरोघरी असल्याने सुताचे व जरीचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही. गिळलेला धागा आतड्यात अडकून आतड्याच्या चुण्या पाडतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. तोंडातून किंवा मागून धाग्याचे टोक लोंबताना दिसले, तर ते ओढू नये.

गळ्यात पट्टी घालायचीच असेल तर ताण पडताच सुटणाऱ्या कडीची घ्यावी. कुत्र्याच्या पट्ट्यासारखी पक्की कडी असलेली पट्टी खिडकीच्या गजात किंवा कौलाच्या रिपेत अडकली की फास बसतो. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर पट्टीच्या आधी खिडक्यांना जाळी बसवावी.

घरात आधीपासून असलेले सामान

नवे सामान निवडताना जुने तपासणे राहून जाते. फरशी पुसण्याचे फिनेल, काळे असो वा पांढरे, मांजर असलेल्या घरात वापरू नये. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते, आणि फिनॉलसारखी द्रव्ये त्याच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. ट्रे धुवायला गरम पाणी आणि साधा साबण पुरतो. कपाटातल्या डांबरगोळ्या, झुरळांचा खडू, निलगिरीचे तेल आणि कापूर हेही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावेत. पिसवांवर तंबाखूचे पाणी लावण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये. निकोटीन कातडीतूनही भिनते.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे कुत्र्याचे गोचीडनाशक मांजराला लावणे. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला मात्र थरथर सुटून झटके येतात आणि ते दगावूही शकते. चुकून लागलेच तर कोमट पाण्याने आणि भांड्याच्या सौम्य साबणाने धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. तापासाठी पॅरासिटामॉल देऊ नये. 500 मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. यांपैकी काहीही पोटात गेल्याची शंका आली, तर स्वतः उलटी करवू नये, आणि दवाखान्यात जाताना त्या वस्तूचे वेष्टन किंवा बाटली बरोबर न्यावी, कारण पशुवैद्याला उपचार त्यावरचे नाव वाचूनच ठरवावे लागतात.